पार्किंगमधली गाडी आणि संपलेली आर.सी.

आज मार्केटिंग नाही, जीएसटी नाही. आज बोलायचंय तुमच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाडीबद्दल.

सकाळी दुकान उघडायला निघालो, तर आमच्या जळगावच्या अपार्टमेंटचे वॉचमन काका म्हणाले, “भाऊ, तुमनी गाडीले चिठ्ठी लायेल शे.” दुकानाच्या डिलिव्हरीची जुनी बाईक, एमएच १९ पासिंग, २००९ची. नवीन गाडी घेतल्यापासून कोपऱ्यात धूळ खात होती. चिठ्ठीवर कमिटीने लिहिलेलं: आर.सी.ची मुदत संपली आहे, ५०० रुपये दंड भरा.

मी तावातावाने भांडायलाच गेलो. गाडी हलत नाही, मग दंड कसला?

कायद्याने माझं अर्धंच बरोबर होतं. मोटार वाहन कायद्याखालचं चलन पोलीस किंवा आरटीओ करतात, सोसायटी नाही. सोसायटी फार तर आपल्या उपविधीप्रमाणे आणि सर्वसाधारण सभेत ठरेल तसे पार्किंगचे नियम लावू शकते. कायद्याचं कलम ३९ पण नोंदणी नसलेली गाडी चालवायला बंदी करतं, उभी ठेवायला नाही. मात्र त्यात ‘सार्वजनिक ठिकाणी किंवा इतर कुठेही’ असे शब्द आहेत, हे लक्षात ठेवा. रस्त्यावर सापडलात तर पहिल्याच वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड. दिल्लीत तर २०२४च्या नियमांनी मुदत संपलेल्या गाड्यांसाठी सोसायटीचं सामायिक पार्किंग स्वतःची खासगी जागा धरलंच नाही. आपल्याकडे तसं नाही, पण वारा कुठल्या दिशेचा आहे ते कळतं.

खरा धक्का मला वेगळ्याच गोष्टीने बसला. या बाईकचा इन्शुरन्स मी न चुकता भरत होतो. म्हटलं, चोरी झाली तर पैसे मिळतील. मग एक निकाल वाचला. जुलै २०११ मध्ये जोधपूरला एका गेस्ट हाऊसबाहेर उभी केलेली नवीकोरी बोलेरो चोरीला गेली. विमा ६,१७,८०० रुपयांचा. पण तात्पुरत्या नोंदणीची मुदत नऊ दिवसांपूर्वीच संपली होती. सप्टेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विमा कंपनीच्या बाजूने निकाल दिला. नऊ दिवस, मित्रांनो! माझे चौदा महिने झाले होते.

आता हिशोब बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर वेळी ५ वर्षांची. माझ्या बाईकची रिन्यूअल फी १,०००, पण उशिरासाठी महिन्याला ३०० प्रमाणे चौदा महिन्यांचे ४,२००. वर पर्यावरण कर वेगळा. कार असेल तर फी ५,००० आणि उशिराचे महिन्याला ५००. गाडी २० वर्षांच्या पुढची असेल तर ऑगस्ट २०२५ पासून बाईकची फी २,००० आणि कारची १०,००० झाली आहे. कमिटीचे ५०० रुपये मला एकदम स्वस्त वाटायला लागले.

धुळ्याच्या बॅचमध्ये मी हे सांगितलं, तर एक ताई म्हणाल्या, “सर, माझा माल वाहायचा टेम्पो आहे, मला अजून वेळ आहे ना?” नाही ताई. धंद्याच्या गाडीचं फिटनेस संपलं की कायदा तिची नोंदणीच वैध धरत नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस करावं लागतं. तो टेम्पो बंद पडला तर पापड-कुरडयांच्या ऑर्डरी पोचवणार कोण?

आज दुकानातून घरी गेलात की एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाका आणि तारीख बघा. मुदत संपायच्या आधी ६० दिवसांत फॉर्म २५ भरता येतो. गाडी आरटीओत तपासणीला न्यावी लागते. मी माझी चालवत नेली नाही, भाड्याच्या छोटा हत्तीत टाकून नेली. शेजारचे विचारत होते, “काय भाऊ, भंगारमध्ये का?”