विकतचे चाक यंत्रमानवाला जोडताना

वसई पूर्वेकडील सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांमध्ये लेथवर लोखंड कातले जाणे, ही काही नवलाई नाही. मात्र याच वसई-विरार पट्ट्यातला अभियांत्रिकीचा विद्यार्थी स्पर्धेसाठी यंत्रमानव बनवू लागला की त्याचे गाडे बहुधा अडते ते चाकापाशी. २००८ साली 'एबीयू रोबोकॉन' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा पुण्यात झाली, तेव्हा तिचा विषय चक्क दहीहंडीचा, 'गोविंदा' होता. अशा स्पर्धांत सामना जेमतेम तीन मिनिटांचा. त्यात चाक निसटले, तर वर्षभराची मेहनत पाण्यात जाते.

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे नायलॉनचे ट्रॉलीचे चाक स्वस्त व दणकट असते. पण ते ढकलण्यासाठी बनवलेले असते. त्याचा आस स्थिर राहतो आणि चाक बेअरिंगवर मोकळे फिरते. यंत्रमानवात नेमके उलटे हवे. मोटरचा दांडा फिरला की चाकानेही फिरले पाहिजे. म्हणजे चाक विकत मिळते, बनवायचा असतो तो दांडा आणि चाक यांना बांधणारा तुंबा, अर्थात हब.

येथे बहुतेकांचा एक हट्ट असतो. बेअरिंग ठोकून काढायचे आणि भोकात एम-सील भरायचे! यात चाकाचा मध्य हरवतो आणि चाक लंगडू लागते. वास्तविक कारखान्याने अचूक मध्य साधूनच बेअरिंग बसवलेले असते. त्याचाच उपयोग करून घ्यावा. समजा बेअरिंगचे भोक ८ मिलिमीटर आणि मोटरचा दांडा ६ मिलिमीटर आहे. बाहेरून ८ व आतून ६ मिलिमीटरची पितळी नळी कापून बेअरिंगमध्ये सरकवावी. बाजारात ६ मिलिमीटर दांड्यासाठी चकतीचे तयार हब मिळतात. सरळ ६ मिलिमीटरची सळई हब आणि चाक दोहोंतून आरपार घातली की दोघांचे मध्य आपोआप जुळतात.

आता चकतीच्या एका भोकातून चाकावर खूण करावी, सेंटर पंच मारावा, आधी बारीक व मग बोल्टच्या मापाचे ड्रिल चालवावे. पहिला बोल्ट कसूनच उरलेली भोके पाडावीत. सगळी एकदम आखली की हमखास एखादे चुकते. बोल्ट चाकाच्या भरीव भागातच यावेत. बेअरिंग आत राहिले तरी बिघडत नाही, कारण आता ओढ बोल्टवर येते. हब घरी जमत नसेल, तर माप लिहिलेला कागद घेऊन लेथवाल्याकडे जाणे शहाणपणाचे.

हबचा ग्रब स्क्रू दांड्याच्या सपाट बाजूवरच टेकला पाहिजे. दांडा पूर्ण गोल असेल, तर कानशीने तेवढा भाग सपाट करावा. त्या वेळी मोटरला फडके गुंडाळावे, नाहीतर लोखंडाचा कीस गिअरमध्ये जातो. चाक मोटरपासून जितके दूर, तितका दांड्यावर भार अधिक, म्हणून ते शक्य तितके जवळ बसवावे.

गुळगुळीत फरशीवर नायलॉन घसरते. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवण्याचा उपाय जुना आणि खात्रीचा. मात्र दोन्ही चाकांवर ती सारख्याच जाडीची हवी. एक चाक १०० आणि दुसरे १०२ मिलिमीटरचे झाले, चाकांमधले अंतर ३० सेंटिमीटर असले, तर तीन मीटर जाईपर्यंत यंत्रमानव सुमारे ११ अंशांनी वळतो. विद्यार्थी मग प्रोग्रॅममध्ये चूक शोधत रात्री जागवतात. व्हर्निअर कॅलिपर आधी लावला, तर त्या जागाव्या लागत नाहीत.