वायपरचं भोक कुठून मोजायचं?

संशोधनाला लागलात की पहिल्या सहा महिन्यांतच एक प्रश्न तुमच्या मानगुटीवर बसणार आहे. रीडिंग वर-खाली होतंय ते त्या पदार्थाच्या स्वभावामुळे, की आपली मांडणीच वाकडी आहे म्हणून? मला याचं उत्तर एका गॅरेजमध्ये मिळालं, तेही स्वतःच्या हाताने चुकीचं भोक पाडल्यावर. म्हणून आज थिअरी कमी आणि गाडी जास्त.

मी इंग्लंडमध्ये रबराच्या घर्षणावर पीएचडी करतोय. ओल्या काचेवर रबर कधी गुळगुळीत सरकतं आणि कधी थरथरतं, हा माझा विषय. आमच्या लॅबमधले टेक्निशियन निवृत्तीला आलेत आणि गेली तीन वर्षं घरच्या गॅरेजमध्ये किट कार जोडताहेत. किट कार म्हणजे सुटे भाग आणून मालकाने स्वतः जोडलेली गाडी. इथे ही हौस जुनी आहे. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे १९५७ ची लोटस सेव्हन. तयार गाडीवर परचेस टॅक्स लागायचा, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक ती खोक्यांतून घरी आणून जोडायचे. १९७३ मध्ये व्हॅट आला आणि तो फायदा गेला, हौस राहिली. यांची गाडी त्याच वळणाची, फक्त बॉडी फायबरग्लासची. पुढची काच आणि वायपर तेवढे राहिले होते. "तू रबरावर पीएचडी करतोस ना? मग शनिवारी ये," म्हणाले.

काचेचं भराभर सांगतो, कारण तिथे आम्ही शहाण्यासारखे वागलो. काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये साधारण पाऊण मिलिमीटरचा प्लास्टिकचा थर. दगड लागला तर ती तडकते, पण जागेवर राहते आणि पलीकडचं दिसतं. टफन्ड काचेचा एकदम चुरा होतो. काचेवर मंजुरीची खूण लागते, कारण घरी जोडलेल्या गाडीला इथे आयव्हीए नावाची तपासणी पास व्हावी लागते, आपल्याकडच्या पासिंगसारखी पण बरीच कडक. फ्रेम जराशी पिळलेली असताना बोल्ट आवळले तर काच बसवतानाच जाते. काच दाब भरपूर सोसते, ताण नाही. म्हणून आधी तेवढ्याच जाडीचा प्लायवूड बसवून पाहिला, फटी दिसल्या तिथे वॉशर घातले, मग खरी काच.

आता वायपर. अशा गाड्यांत बऱ्याचदा जुन्या मिनी किंवा एमजीमधली लुकासची यंत्रणा वापरतात. मोटर एक दातेरी चाक फिरवते. त्या चाकावरची खुंटी एका दांड्याला मागे-पुढे ढकलते. दांड्याला जोडलेली, वर तार गुंडाळलेली लवचीक केबल नळीतून सरकते आणि वाटेतल्या दोन व्हीलबॉक्समधली छोटी चाकं उलट-सुलट फिरवते. त्या चाकांच्या स्पिंडलवर वायपरचे हात. हात किती अंश फिरणार हे खुंटी केंद्रापासून किती लांब आहे त्यावर ठरतं. मोटर कुठेही लपवता येते, नळीला फार तीव्र वळण नको एवढंच. स्पिंडल मात्र बॉडीला भोक पाडूनच बाहेर काढावे लागतात.

आणि या गाडीची काच रुंद पण बुटकी, त्यामुळे हात लांब घेता येत नाहीत. (जग्वार ई-टाइपला याच कारणाने तीन वायपर होते.) जागा थोडी चुकली तरी न पुसलेला भाग मोठा राहतो.

मी काय केलं? बॉडीच्या डाव्या कडेपासून मोजून डावं भोक पाडलं आणि तेच माप उजव्या कडेपासून घेऊन उजवं. आरशातल्यासारखं. पण साच्यातून हाताने काढलेली फायबरग्लासची बॉडी दोन्ही बाजूंना सारखी कशाला असेल? उजवं भोक अकरा मिलिमीटर बाहेर गेलं. तेव्हा ते कुणाच्याच लक्षात आलं नाही.

जोडणी झाली, पाणी मारलं, मोटर चालू केली. डावा वायपर मस्त. उजवा बाहेरच्या अर्ध्या फेरीत टर्र टर्र करत नाचायला लागला.

माझ्याकडे उत्तर तयारच होतं. रबर काचेला धरतं, वाकतं, सुटतं, पुन्हा धरतं, तीच थरथर. वेग वाढला की रबराखाली पाण्याचा थर तयार होतो आणि घर्षण उतरतं; वेग कमी झाला की ते चढतं. स्ट्रीबेकच्या आलेखाचा हा उतरता भाग, आणि थरथर इथेच माजते. फेरीच्या टोकाला वायपर हळू होतो, म्हणून तिथे आवाज. मी हे फळ्यावर काढून दाखवावं तसं हातवारे करत समजावलं.

त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आतल्या टोकाला का नाही? आणि डाव्याला का नाही?"

बोलती बंद. माझं स्पष्टीकरण चुकीचं नव्हतं, पण ते चारही टोकांना सारखंच लागू होत होतं आणि आवाज एकाच टोकाला होता.

मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची असं ठरलं. ब्लेडची अदलाबदल केली: आवाज उजवीकडेच. म्हणजे रबर सुटलं. हातांची अदलाबदल: तरी उजवीकडेच. पाणी वाढवलं: आवाज कमी झाला, गेला नाही. मग हात पकडीने किंचित पिळला, म्हणजे ब्लेड काचेवर सरळ उभं राहील. बाहेरचा आवाज थांबला आणि आतल्या टोकाला सुरू झाला! खरा धागा इथे हाती लागला. हात वाकडा असता तर ब्लेड सगळ्या फेरीत सारखंच कललेलं राहिलं असतं. इथे कल फेरीबरोबर बदलत होता, आणि तसं होण्यासाठी स्पिंडलच काचेला काटकोनात नसायला हवा. गुण्या लावून पाहिला, स्पिंडल सरळ सरळ बाहेर झुकलेला. अकरा मिलिमीटर बाहेर गेलेलं भोक बॉडी खाली वळते त्या उतारावर पडलं होतं.

भोक रेझिन आणि फायबर मॅटने बुजवलं. आता नवीन कुठे? युरोपच्या प्रवासी गाड्यांच्या नियमात याचं फार सुंदर उत्तर आहे. तिथे सगळ्या काचेची टक्केवारी धरतच नाहीत. ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या जागेपासून वर ३ अंश, खाली १ अंश, ड्रायव्हरच्या बाजूला १३ आणि दुसऱ्या बाजूला २० अंश अशा रेषा काढायच्या. त्या काचेवर जो चौकोन कापतात त्यातला ९८ टक्के भाग पुसला गेला पाहिजे. त्याभोवतीच्या मोठ्या चौकोनातला ८० टक्के. म्हणजे मोजमाप सीटपासून सुरू होतं. मी भोक पाडलं तेव्हा सीट गॅरेजच्या कोपऱ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली होती.

या खेपेला सीट आधी बसवली. ते तिच्यावर बसले, मी काचेवर मास्किंग टेपने चौकोन आखला, दोरी आणि पेन्सिलने वायपरचे कंस काढले आणि कंस चौकोन झाकेल अशी स्पिंडलची जागा शोधली. भोकाखाली पाचरीसारखा तिरका पॅकिंगचा तुकडा दिला, गुण्या लावून काटकोन पाहिला. चार तास गेले. वायपर गप्प चालला.

सोमवारी लॅबमध्ये गेलो. माझ्या रिगवर फिरणाऱ्या काचेच्या तबकडीवर ब्लेडचा छोटा तुकडा दाबून धरलेला असतो. काही तुकडे जास्त थरथरतात, काही कमी, आणि मी तीन महिने तो फरक रबराच्या कडकपणाला चिकटवत होतो. तसा अर्धा चॅप्टर लिहूनही झाला होता. होल्डरला गुण्या लावला तर तो दोन अंश कललेला. तुकडा बदलताना मी दरवेळी स्क्रू थोडा वेगळा आवळत होतो, म्हणजे कलही दरवेळी थोडा वेगळा असणार.

गाइडना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कोणकोणती रीडिंग त्याच होल्डरची आहेत, त्याची यादी कर." यादी केली. सगळीच निघाली. सध्या ती पुन्हा घेतोय, दरवेळी होल्डरचा कोन वहीत लिहून. कडकपणाचा परिणाम अजून दिसतोय, पण आधी वाटला होता त्याच्या निम्माही नाही.

गुण्या टेक्निशियनांचाच आहे. त्यांनी अजून परत मागितलेला नाही.