ज्योत आणायला निघताना

सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा सरते न सरते तोच सोलापूर आणि आसपासच्या गावांतील मंडळांना शिवजयंतीचे वेध लागतात. गडावर जाऊन मशाल पेटवायची आणि ती आळीपाळीने धावत, १९ फेब्रुवारीला आपल्या गावात आणायची, ही रीत आपल्या परिचयाची आहे. नवरात्रात तुळजापुराहून देवीची ज्योत आणतात, त्याच भक्तिभावाने ही शिवज्योतही येते. या दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो. तरुणपणी मशाल हाती घेतलेले, आता साठी-पासष्टी ओलांडलेले गृहस्थ म्हणतात, "डॉक्टर, यंदा पोरांबरोबर जाऊ का?" शेजारी बसलेली सून किंवा मुलगा मात्र मानेनेच 'नको' म्हणून खुणावत असतो.

दोघांचेही म्हणणे समजण्याजोगे आहे. ज्येष्ठांसाठी तो स्मरणाचा मान असतो, तर घरच्यांना जिवाची काळजी असते. सरसकट होकार किंवा सरसकट नकार देण्यापेक्षा नेमका धोका कोठे आहे, हे आधी पाहू.

हिशेब झोपेचा

सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर या मार्गाने पन्हाळा सुमारे अडीचशे किलोमीटर आहे. जाताना टेम्पोला सहा-सात तास लागतात. परतताना ताशी १० किलोमीटर गती धरली, तरी २५ तास धावणे होते. म्हणजे १९ तारखेच्या सकाळी ज्योत गावात पोहोचवायची, तर १८ तारखेला पहाटेच गड सोडावा लागतो आणि त्यासाठी १७ तारखेलाच घरून निघावे लागते. पंचवीस धावपटू असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला एकूण १० किलोमीटर येतात, तेही तुकड्यातुकड्यांनी. धावणे असे वाटले जाते; जागरण मात्र प्रत्येकाला पूर्णच भोगावे लागते. दोन रात्रींची अपुरी झोप, तासन् तास अवघडून बसणे, चुकलेली जेवणे आणि विसरलेल्या गोळ्या हे उतारवयातील शरीराला चारशे मीटर धावण्यापेक्षा अधिक जड जाते. म्हणून तयारी मुख्यत्वे प्रवासाची करावी.

कोणी जावे, कोणी थांबावे

निघण्यापूर्वी किमान महिनाभर आपल्या डॉक्टरांची भेट घ्यावी. रक्तदाब, साखर, हृदयाचा आलेख आणि पायांची तपासणी करून घ्यावी. पुढील तपासण्या लागतील की नाही, हे डॉक्टर ठरवतील. चालताना छातीत दडपण येणे, जिना चढताना पूर्वीपेक्षा अधिक धाप लागणे, अलीकडे चक्कर येऊन पडणे यांपैकी काहीही असेल, तर तपासणी पूर्ण होईपर्यंत प्रवासाचा बेत स्थगित ठेवावा. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेली असेल, तर धावण्याचा आग्रह धरू नये. संवेदना नसलेल्या पायाला बुटातील खडा टोचलेला कळत नाही आणि छोट्याशा फोडाची जखम पुढे महिनोन् महिने बरी होत नाही.

ज्यांना परवानगी मिळेल त्यांनी आजपासूनच आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यास आरंभ करावा. चालता चालता बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकीच गती पुरे. दोन-तीन आठवडे हे सुखाने जमले, तर मधूनमधून एखादा मिनिट हलके धावून पाहावे. बूट नवे घ्यायचे असल्यास आताच घ्यावेत. प्रवासाच्या दिवशी कोरे बूट घालणे म्हणजे फोडांना आमंत्रणच होय.

गाडीतील तास

चार तासांहून अधिक वेळ एका जागी बसल्याने पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव वाढतो. वय, स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा पूर्वी झालेली गुठळी यांमुळे तो अधिकच वाढतो. म्हणून दर दोन तासांनी गाडी थांबवून पाच मिनिटे चालावे. बसल्या जागी टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलत राहावे. एकाच पायाची पोटरी सुजली आणि दुखू लागली, तर ती चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी. अचानक धाप लागल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही, या धास्तीने अनेक ज्येष्ठ, विशेषतः भगिनी, पाणीच पीत नाहीत. वयानुसार तहानेची जाणीवही मंदावते. थोडे थोडे पाणी ठरावीक वेळाने घ्यावे आणि थांबण्याची ठिकाणे आधीच ठरवावीत. हृदय अथवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांच्या पाण्यावर मर्यादा आहे, त्यांनी ती पाळावी. लघवी वाढवणारी गोळी मनाने बंद करू नये; प्रवासात तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे.

चालक दोन असावेत, हा आग्रह घरातील वडीलधाऱ्यांनी धरावा. पहाटेच्या सुमारास झोप अनावर होते आणि चहाने ती तात्पुरतीच लांबते. टेम्पोच्या हौद्यात दाटीवाटीने उभे राहून कोणीही प्रवास करू नये. ज्येष्ठांसाठी बसायची नीट सोय असलेली वेगळी गाडी असावी.

औषधे आणि शिदोरी

गरजेपेक्षा दोन दिवसांची अधिक औषधे घ्यावीत आणि ती हातातील पिशवीतच ठेवावीत. औषधांची नावे, मात्रा, आजार आणि घरचा फोन क्रमांक लिहिलेला कागद खिशात असावा. इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या काचेजवळ ठेवू नये. बर्फालाही ते थेट टेकू देऊ नये.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी श्रमांच्या दिवशी मात्रा बदलायची का, हे आधीच विचारून घ्यावे. धावण्याने साखर पुढे कित्येक तास, अगदी रात्रीही उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे दिसली किंवा साखर ७० च्या खाली गेली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नये. रक्तदाबाच्या वा हृदयाच्या काही गोळ्यांमुळे साखर उतरल्यावर होणारी धडधड जाणवत नाही. अशा वेळी सोबत्यांनी घामाकडे लक्ष ठेवावे.

शिदोरीला आपली कडक भाकरी उत्तम. ती दिवसेंदिवस टिकते. मात्र जोडीच्या शेंगाचटणीत मीठ असते. रक्तदाब असणाऱ्यांनी ती बेताने घ्यावी. भाकरी दातांना झेपत नसेल तर दह्यात भिजवावी. धावण्यापूर्वी 'अंग दुखू नये' म्हणून वेदनाशामक गोळी घेण्याची सवय घातक आहे. पाणी कमी पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडाला इजा करते.

मशाल हाती घेताना

पन्हाळ्यावर गाडी थेट पोहोचते, ही ज्येष्ठांसाठी मोठीच सोय. १६६० च्या जुलैत सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज याच गडावरून निसटले आणि बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली. तेथील बाजीप्रभूंच्या पुतळ्यापुढे पाऊल आपोआप थबकते. धावताना सुती कपडे घालावेत. कृत्रिम धाग्याचा कपडा पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. दम्याच्या रुग्णांनी धुराच्या दिशेला राहू नये. भाजल्यास २० मिनिटे वाहत्या थंड पाण्याखाली धरावे. टूथपेस्ट किंवा शाई लावू नये. रात्री चमकणारे पट्टे असलेली जाकिटे घालावीत आणि मागे दिवे लुकलुकणारी गाडी ठेवावी.

छातीत दाब, घाम, जबडा किंवा हात दुखणे, मधुमेही व्यक्तीत नुसताच थकवा वा धाप, यांपैकी काहीही जाणवले तर 'गाव जवळच आहे' म्हणून पुढे जाऊ नये. १०८ ला फोन करावा.

स्मरणासाठी धावण्याची रीत अन्यत्रही आहे. पहिल्या महायुद्धात निधन पावलेल्या सहकाऱ्यांसाठी व्हिक क्लॅफम या सैनिकाने दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स मॅरेथॉन सुरू केली. २४ मे १९२१ रोजी ३४ धावपटूंनी आरंभ केलेली ही शर्यत जवळपास ९० किलोमीटरची असते. तेथे प्रत्येकाला ते सारे अंतर एकट्याने कापावे लागते. आपली ज्योत मात्र हातोहात येते; तिच्यात कोणाचाच वाटा पूर्ण नसतो. पंचविशीतल्या नातवाने १० किलोमीटर धावावे, आजोबांनी वेशीजवळची दोनशे पावले चालत यावीत आणि ज्यांना तेही झेपणार नाही त्यांनी रात्री पुरेशी झोप घेऊन, सकाळची गोळी आणि न्याहारी चुकवल्याविना, वेशीवर ओवाळायला उभे राहावे. घरच्यांनीही 'तुम्ही घरीच बसा' असे न म्हणता 'तुमचा वाटा कोणता, ते ठरवू या' असे म्हणावे. तो ठरवण्यासाठी अजून महिनाभराचा अवधी आपल्या हाती आहे.