मंदिरपथगामिनी आणि समोर उभे राहणारे माणूस

पुण्याच्या शनिवार पेठेत मुठेच्या काठी ओंकारेश्वराचे पेशवेकालीन देवालय आहे. नऊवारी नेसून देवदर्शनास निघालेली तरुणी हे अशा पेठांतील एके काळचे नित्याचे दृश्य. पुण्यातच १८७६ साली जन्मलेल्या गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' या शिल्पात असेच दृश्य साकारले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकत असता केलेल्या या प्लास्टरच्या पूर्णाकृतीस १८९६ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. रवींद्रनाथ ठाकुरांनी १८९८ साली तिच्यावर बंगालीत लेख लिहिला.

पूर्णाकृती घडविताना प्रथम लोखंडी सळयांचा सांगाडा उभारून त्यावर माती चढवितात. समोरचे माणूस, म्हणजे मॉडेल, ठरलेल्या ढबीत उभे राहते. त्याच्या पावलांभोवती खडूने रेषा ओढतात, म्हणजे विश्रांतीनंतर तीच जागा सापडते. ओळंबा व कंपास यांनी मापे घेतली जातात. एका पायावर भार दिला की त्या बाजूची कंबर वर चढते, खांदा उतरतो. वस्त्राच्या चुण्यांतूनही हा तोल दिसावा लागतो. काही वेळाने स्नायू थकतात, शरीर नकळत खचते आणि मापे चुकू लागतात. तेव्हा मॉडेलचे काम नुसते उभे राहण्याचे, असे समजणे बरोबर नाही; ते कष्टाचे व कौशल्याचे काम आहे. पुढे मातीवरून प्लास्टरचा साचा काढून त्यात मूर्ती ओततात.

फ्रेंच शिल्पकार ऑग्युस्त रोदँ यांची 'कांस्ययुग' ही पूर्णाकृती १८७७ साली प्रदर्शित झाली, तेव्हा ती जिवंत देहावरून साचा काढून केल्याचा आरोप झाला. तिच्यासाठी ऑग्युस्त नेट हा बेल्जियन सैनिक उभा राहिला होता. आरोप खोडण्यासाठी त्याची छायाचित्रे पुढे करण्यात आली. १८८० साली फ्रेंच शासनाने ती मूर्ती विकत घेतली. नेटचे नाव मागे राहिले ते मुख्यतः या वादामुळे!

आपल्याकडे या कामाभोवती अद्याप संकोच आहे. कलाशाळेत मॉडेल म्हणून काम करणाऱ्या स्त्रीवरील 'न्यूड' हा मराठी चित्रपट २०१७ साली गोव्याच्या महोत्सवातून वगळला गेला व २०१८ साली प्रदर्शित झाला. अशा स्त्रीला घरीदारी हे काम लपवावे लागते, हाच त्याचा विषय. कोनशिलेवर मॉडेलचे नाव कोरावे असे कोणी म्हणणार नाही. पण त्याची संमती असल्यास संग्रहाच्या नोंदवहीत ते लिहून ठेवण्यास अडचण नसावी.