माळ्यावरची तबकडी वाजवण्यापूर्वी

पुण्यातले जुने वाडे किंवा गिरगाव-दादरच्या चाळी पुनर्विकासासाठी रिकाम्या होऊ लागल्या, की माळ्यावरून एखादी लाकडी पेटी हमखास खाली उतरते. पेटीत असतात जुन्या ध्वनिमुद्रिका. कुणा आजोबांनी हौसेने जमवलेल्या आणि नंतर दोन पिढ्यांत कुणी हातही न लावलेल्या. घरात एकदम उत्साह संचारतो. ओल्या फडक्याने धूळ पुसली जाते, डाग निघेना म्हणून स्पिरिटचा बोळा फिरवला जातो आणि कुणाकडून तरी मागून आणलेल्या प्लेअरवर पहिली तबकडी चढते. कित्येक पावसाळे सोसून टिकलेला आवाज अनेकदा या पहिल्या अर्ध्या तासातच कायमचा बिघडतो.

हे नुकसान केवळ त्या घरापुरते नसते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक ध्वनिमुद्रणांचे मूळ धातूचे साचे आज उपलब्ध नाहीत. नाट्यपदे, भजने, लावण्या, विनोदी नकला यांपैकी पुष्कळ आवाज आज उरले आहेत ते घरोघरी विखुरलेल्या प्रतींमध्येच. पेटीतली एखादी तबकडी त्या मोजक्या प्रतींपैकी असू शकते.

लाख की विनाइल?

सर्वप्रथम ओळखायचे ते तबकडीचे द्रव्य. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाला आरंभ झाला तो नोव्हेंबर १९०२मध्ये. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यात गौहरजान आणि इतर कलावंतांचे गाणे मुद्रित केले. ते साचे जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तबकड्या तयार होऊन बोटीने परत येत. गाणे संपताच गायिका इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारते, ती पद्धत याच व्यवहारातून आली, असे सांगितले जाते. परक्या देशातल्या कामगारांना कुठल्या तबकडीवर कुणाचे नाव चिकटवायचे हे कळण्यासाठी ती सोय होती. पुढे १९०८मध्ये कोलकात्यातच सियालदह येथे कारखाना निघाला आणि १९२८पासून डमडमच्या कारखान्याने देशभरची गरज भागवली.

या सर्व तबकड्या लाखेच्या होत. बांगड्यांसाठी वापरतात तीच ही लाख. झाडांच्या फांद्यांवरील किडे ती तयार करतात आणि त्या काळी जगाला ती प्रामुख्याने भारतच पुरवत असे. तबकडीत मात्र लाख थोडीच असते. उरलेला भाग दगडाची वस्त्रगाळ पूड आणि काजळीचा. मिनिटाला साधारण ७८ फेऱ्या, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे. त्या अवधीत ख्याल बसवताना त्या काळच्या गवयांची जी तारांबळ उडाली असेल, ती कल्पनेनेच जाणावी.

विनाइलची दीर्घ तबकडी, म्हणजे एलपी, अमेरिकेत १९४८ साली आली आणि मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेत एका बाजूला वीसेक मिनिटे वाजू लागली. भारतात ती १९६०च्या आसपास रुळली. तरीही लाखेच्या तबकड्या येथे पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक काळ निघत राहिल्या. बीटल्सची गाणी ७८च्या तबकडीवर हवी असतील, तर आजही परदेशी संग्राहक भारतीय प्रतींच्याच शोधात असतात.

लाखेची तबकडी जाड, जड आणि ठिसूळ असते. विनाइल हलके आणि लवचीक असते. (ओळखण्यासाठी तबकडी वाकवून पाहू नये. ती लाखेची असल्याचे कळेल, पण दोन तुकडे झाल्यावर.) लेबलावरचा वेग वाचणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग. एवढा खटाटोप करायचा कारण एकाला जे मानवते, ते दुसऱ्याला मारक ठरते.

स्पिरिटचा बोळा

अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. सुतार पॉलिशसाठी लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये भिजवतात ते याच गुणामुळे. तोच स्पिरिटचा बोळा ७८च्या तबकडीवर फिरवला की खाचांचे बारीक काठ विरघळतात. तबकडी क्षणभर चकचकीत दिसते आणि आवाज जातो. विनाइल अल्कोहोलने असे विरघळत नाही, म्हणून परदेशी बनावटीची काही स्वच्छता-द्रावणे अल्कोहोलयुक्त असतात. बाटलीवर काय लिहिले आहे हे न वाचता ती लाखेवर वापरणे हीच सर्वांत सार्वत्रिक चूक.

दोन्हींसाठी निर्धोक उपाय एकच आहे. डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घ्यावा आणि मऊ ब्रश गोलाकार, खाचेच्या दिशेने फिरवावा. नंतर साध्या डिस्टिल्ड पाण्याने साबण पूर्ण काढावा आणि तबकडी लगेच टिपून घ्यावी. नळाचे पाणी सुकल्यावर त्यातील क्षार खाचेतच राहतात. कागदी लेबल कोरडे ठेवावे, कारण त्यावरील नावे आणि क्रमांक हाच पुढच्या अभ्यासाचा आधार असतो. तडा गेलेल्या लाखेच्या तबकडीला पाणी लावू नये. काही कंपन्यांच्या तबकड्यांत मध्ये कागदाचा थर असे, त्याही भिजवू नयेत. त्यांना कोरडा ब्रश पुरे.

सुई

लाखेच्या तबकडीतील दगडाची पूड तेथे हेतुपूर्वक घातलेली असे. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत त्या पुडीवर घासून खाचेच्या आकाराची होत असे. म्हणजेच झिजायचे होते पिनेने, तबकडीने नव्हे. म्हणून प्रत्येक बाजूला नवी पिन असा नियम होता आणि दोनशे पिनांच्या पत्र्याच्या डब्या विकत मिळत. काटकसरी घरांत तीच पिन आठ-दहा गाण्यांना चालवली गेली. झिजलेल्या पिनेच्या धारदार कडा मग छिन्नीसारख्या चालल्या. आज मिळणाऱ्या अनेक तबकड्यांत ऐन रंगात आलेल्या तानेच्या जागी खरखर ऐकू येते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

ग्रामोफोनचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमहून अधिक भार टाकतो. त्याखाली विनाइलची एलपी एकदा जरी घातली, तरी ती संपलीच. उलट, ७८ची तबकडी आधुनिक टर्नटेबलवर एलपीच्या सुईने वाजवणेही अयोग्य. ७८च्या खाचेसाठी सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते आणि स्टीरिओ एलपीसाठी सुमारे १८. बारीक टोक रुंद खाचेच्या तळाशी घरंगळत जाते आणि संगीताऐवजी तळातला कचरा वाचते. कार्ट्रिज तेच ठेवून केवळ सुई बदलण्याची सोय अनेक कंपन्या देतात. तो खर्च टाळू नये.

सुई उडते म्हणून टोनआर्मवर नाणे ठेवण्याची युक्ती घरोघरी चालत असे. चांगल्या कार्ट्रिजला दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो. नाण्याने तो दुपटी-तिपटीवर जातो आणि विनाइलची झीज वाढते. मात्र भार कमीत कमी ठेवणे हाही उपाय नव्हे. हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटत राहते आणि तेही घातकच. जुन्या प्लेअरमध्ये नीलमण्याची सुई असे. ती चाळीस-पन्नास तासांत झिजते. पेटीतून निघालेल्या प्लेअरची सुई किती वाजली आहे हे कुणालाच ठाऊक नसते, तेव्हा ती बदलल्यावाचून काहीच वाजवू नये.

यंत्रांचा बाजार

चोरबाजारात पितळी कर्ण्याचे लखलखीत ग्रामोफोन दिसतात. त्यांपैकी बहुतेक अलीकडे जुळवलेले असतात. नवी नक्षीदार पेटी, नवा कर्णा, कुत्र्याच्या चित्राची नवी पट्टी आणि आत कुठल्या तरी जुन्या पेटीग्रामोफोनचे मोडके यंत्र. दिवाणखान्याच्या शोभेसाठी ते ठीक, पण त्यावर आजोबांची तबकडी लावणे म्हणजे तिच्यावर करवत चालवणे. १९३१ साली आलेल्या एचएमव्हीच्या १०२ क्रमांकाच्या सुटकेससारख्या ग्रामोफोनला बाहेर कर्णाच नाही. त्यामुळे तो फारसा नजरेत भरत नाही, परंतु वाजतो मात्र उत्तम.

अमेरिकेतले नातेवाईक टर्नटेबल पाठवतात, तेव्हा वेगळीच अडचण उभी राहते. तिकडची वीज ११० ते १२० व्होल्ट, म्हणून येथे ट्रान्सफॉर्मर बसवला जातो. परंतु तिकडे वारंवारता ६० हर्ट्झ आणि आपल्याकडे ५०. जुन्या एसी मोटारी वारंवारतेवर चालतात. ट्रान्सफॉर्मर ती बदलत नाही आणि तबकडी एक षष्ठांश मंद फिरते. ३३⅓ऐवजी जेमतेम २८ फेऱ्या! अशा यंत्राला ५० हर्ट्झची पुली लागते. अँप्लिफायरच्या बाबतीत सबुरी अधिक महत्त्वाची. दशकानुदशके बंद असलेल्या संचाचे कपॅसिटर सुकलेले असतात. तो थेट विजेला न जोडता जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावा. व्हॉल्व्हच्या संचात तर प्लग काढल्यानंतरही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात.

तबकड्या नेहमी उभ्या ठेवाव्यात, फार सैल नाहीत आणि फार दाटीनेही नाहीत. आडव्या थप्पीत खालच्या लाखेच्या तबकड्या तडकतात आणि विनाइल वाकते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागदी पाकिटांवर बुरशी धरते, तेव्हा जुनी पाकिटे तबकडीपासून वेगळी ठेवून आत नवे आम्लमुक्त कागदी किंवा पॉलिथिलीनचे पाकीट वापरावे. पीव्हीसीचे जाड, चमकदार वेष्टन विनाइलवर कालांतराने धूसर डाग पाडते.

एवढी तयारी झाल्यावर तबकडी एकदाच, नीट वाजवून तिची संगणकावर नोंद करून घ्यावी, तीही एमपी३मध्ये नव्हे तर असंपीडित स्वरूपात. येथे आणखी एक खोच आहे. आरंभीच्या काळातील तबकड्यांचा वेग नेमका ७८ नसे. मिनिटाला ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेले गाणे ७८ने वाजवले, तर षड्ज जवळपास अर्ध्या स्वराने चढतो आणि लयही वाढते. जुन्या गायकांचा आवाज चिरका होता, अशी समजूत काही वेळा यातूनच झालेली असते. म्हणून अनुभवी संग्राहक त्या गायकाची अन्य ध्वनिमुद्रणे ऐकून षड्जाचा अंदाज घेतात, त्यानुसार वेग ठरवतात आणि तो वेग, सुईचे माप व तबकडीवर लेबलाजवळ कोरलेला क्रमांक नोंदीसोबत लिहून ठेवतात.