आयरिस वर्षात दुसऱ्यांदा कसं फुलतं? (या भागाचं शब्दांकन)

आज कोड नाही, क्लाउड नाही, आज फुलं. कारण आमची आई. ती न्यू जर्सीला येते जूनअखेर, आणि अंगणातली दाढीवाली आयरिस मे महिन्यातच फुलून मोकळी झालेली असतात. दोन वर्षं तिने नुसती पानं पाहिली. म्हणाली, "तलवारी लावल्यास का रे?"

मग ऑक्टोबरात पुन्हा फुलणारी जात आणली, ऑगस्टमध्ये लावली. पुढच्या मे महिन्यात फुलली, ऑक्टोबरात ढिम्म. तेव्हा कुठे वाचायला बसलो.

आयरिसचा गड्डा आल्यासारखा, जमिनीलगत आडवा वाढतो. टोकाला पंख्यासारखी पानं, त्यातून फुलांचा दांडा. आता केळ आठवा. ज्या केळीला घड आला ती संपली, पुढचं काम मुनव्यांचं. इथेही तसंच. ज्या पंख्यातून दांडा निघाला तो पुन्हा कधीच फुलत नाही; फुलतात ते बाजूला फुटलेले नवे कोंब. म्हणजे "पुन्हा फुलतं" याचा अर्थ पुढची पिढी त्याच वर्षी वयात येते. माझा गोंधळ इथेच होता. मी आपला गुलाबासारखा दांडा छाटून त्याच जागेकडे बघत बसलेलो!

साध्या जातींत या कोंबांना कळी धरायला हिवाळ्याची थंडी लागते. ती मिळेपर्यंत नुसती पानं. दुबार फुलणाऱ्या जातींत ही अट सैल असते. कोंब पुरेसा मोठा झाला की थंडीची वाट न बघताच तो दांडा काढू शकतो.

"पुरेसा मोठा" हे महत्त्वाचं. साधं आयरिस उन्हाळ्यात कोरडं ठेवलं तरी चालतं, आणि बहुतेक ठिकाणी तोच सल्ला मिळतो. मीही तोच पाळला आणि फसलो. दुबार जातीला मेनंतर दोन-तीन महिन्यांत नवे कोंब वाढवायचे असतात, म्हणून तिला नियमित पाणी आणि थोडं खत हवंच. नायट्रोजन मात्र बेताने, नाहीतर पानं माजतात आणि गड्डा सडायचं भय. गड्ड्याची पाठ उन्हात उघडी ठेवा. कोंबांची गर्दीही लवकर होते, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी वेगळे करून लावायचे.

हा प्रकार नवा नाही. नेब्रास्कातल्या हान्स सास यांची 'ऑटम क्वीन' 1926 मधली. माझ्याकडे आहे ती 'इम्मॉर्टॅलिटी', लॉइड झुरब्रिग यांनी 1982 मध्ये नोंदवलेली. झुरब्रिग पेशाने संगीताचे प्राध्यापक. पांढरंशुभ्र फूल, फिकट लिंबू रंगाची दाढी, उंची जेमतेम अडीच फूट. नाव "अमरत्व" असलं तरी कडक दहिवर पडलं की कळ्या जातात, हा एक विनोदच.

आणि लेबलवर डोळे झाकून विश्वास नको. व्हर्जिनियात शरदात हमखास फुलणारी जात आणखी उत्तरेला नेली तर दांडा येईपर्यंत थंडी गाठते. खरेदीपूर्वी आपल्याच भागातल्या कुणाकडे ती दुसऱ्यांदा फुलते का, एवढं विचारा.

यंदा जुलै-ऑगस्टभर पाणी घातलं. आईनेच घातलं खरं तर, मी मीटिंगमध्ये असायचो. सप्टेंबरअखेर दोन दांडे वर आले. ऑक्टोबरात, आईच्या परतीला चार दिवस असताना, रात्री दहिवराचा इशारा आला. कळ्या फुगल्या होत्या, एकही उघडली नव्हती. फुगलेल्या कळ्यांचा दांडा कापून पाण्यात ठेवला तर त्या घरातही उमलतात, हे वाचलेलं होतं. टॉर्च लावून दोन्ही कापले आणि स्वयंपाकघरात तांब्यात ठेवले.

पहिली कळी दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली. आईने वास घेतला, म्हणाली, "गोड आहे." तिसरी उघडली तेव्हा ती विमानात होती. फोटो पाठवलाय.