वांझ तुरीचा सत्तर वर्षांचा शोध

शेतात पिवळे पडलेले झाड चटकन नजरेत भरते. हिरवेगार झाड पाहून मात्र कुणाच्या पोटात गोळा येत नाही. तुरीच्या वांझ रोगाचे सारे कपट यातच आहे.

बुलढाणा जिल्ह्यातले, मेहकर तालुक्यातले जानेफळ हे माझे गाव. सोयाबीनमध्ये तुरीचे तास ही आमच्याकडची नेहमीची पेरणी. सोयाबीन निघाले की तूर मोकळी होते, पसरते आणि दिवाळीच्या आसपास फुलांवर येते. त्या बहरात मधूनच एखादे झाड झुडपासारखे दाट, फिकट हिरवे, बारीक पानांचे उभे असते. फूल नाही, शेंग नाही. शेजारची झाडे शेंगांनी वाकून वाळायला लागली तरी हे आपले हिरवेच. गावात त्याला सरळ ‘वांझ’ म्हणतात. बाईमाणसाला डागण्या देणारा हा कडू शब्द शेतीच्या पुस्तकांतही तसाच जाऊन बसला आहे.

मागे एका हंगामात थोरल्या भावाच्या वावरात अशी झाडे बरीच निघाली. “तुरीले फूल काहून नाही येत?” एवढाच त्याचा प्रश्न. एका दुकानातून त्याला फुलोरा वाढवणारे औषध मिळाले, दुसऱ्याने बुरशीनाशक दिले. दोन्हींचे पैसे गेले, फवारणीची मजुरी वेगळी. फूल आले नाही ते नाहीच. झाडाला काय झाले आहे हेच ठाऊक नसेल तर प्रत्येक बाटली रामबाण वाटते!

त्याचा प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तराला शास्त्रज्ञांना सत्तर वर्षे लागली. या रोगाची पहिली नोंद 1931 सालची, बिहारमधल्या पुसा इथली. रोग विषाणूचा असावा असा कयास होता, परंतु विषाणू काही सापडेना. एरवी रोगट पानाचा रस निरोगी पानावर चोळून पाहतात. तुरीवर ही युक्ती चालत नव्हती. मात्र रोगट झाडाचे कलम निरोगी झाडावर बांधले की रोग लागे. म्हणजे झाडाच्या आत काहीतरी होते खास. ते शेतभर पसरते कसे, याचा उलगडा 1962 साली झाला. पानाच्या पाठीवर राहणारा एक कोळी रोग वाहून नेतो, असे दिसून आले. हा कोळी मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाएवढा. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, जाळे विणत नाही, त्याच्या चावण्याची खूणही पानावर राहत नाही. वाऱ्यावर बसून तो या शेतातून त्या शेतात जातो.

सत्तरच्या दशकात हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत डॉ. वाय. एल. नेने आणि त्यांचे सहकारी कडधान्यांच्या रोगांवर काम करत होते. त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. कोळी असलेले रोगट पान घ्यायचे आणि कागद टाचायच्या स्टेपलरने ते निरोगी रोपाच्या पानावर टाचून टाकायचे! पान वाळू लागले की कोळी आपोआप ताज्या पानावर उतरतात. विषाणू हाती नसतानाही तुरीचे वाणामागून वाण असे तपासता आले, आणि कोणते तग धरतात ते कळले. याच नेन्यांनी त्याआधी उत्तर प्रदेशच्या तराईत भाताच्या ‘खैरा’ रोगाचा छडा लावला होता. तिथे ना जंतू निघाला ना विषाणू. जमिनीत जस्त कमी पडत होते, इतकेच.

तुरीचा विषाणू पुढे इक्रिसॅटचे डॉ. लावा कुमार, डॉ. डी. व्ही. आर. रेड्डी आणि स्कॉटलंडचे ए. टी. जोन्स यांच्या हाती लागला. त्याचे सविस्तर वर्णन 2003 साली प्रसिद्ध झाले. अतिशय बारीक धाग्यांसारखा, पानातून वेगळा काढताना हातात न टिकणारा असा हा ऐवज. एकदा तो ओळखता आल्यावर पानाच्या रसावरून चाचणी करणे शक्य झाले. पुढे याच रोगात त्याच्या नात्यातला दुसराही विषाणू असल्याचे आढळले.

सोयाबीन, मूग आणि उडदाच्या पिवळ्या मोझॅकची कथा निराळी आहे. दिल्लीत मुगावरच्या या रोगाचे वर्णन नरियानी यांनी 1960 साली केले. त्याचा वाहक पांढरी माशी. विदर्भातल्या सोयाबीनवर 2023 साली तो आला तेव्हा शेते पिवळीजर्द झाली. परंतु पिवळे पान म्हणजे मोझॅकच, असे मुळीच नाही. नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर बहुधा लोह कमी पडलेले असते. पाणी साचूनही पान पिवळे पडते. मोझॅकमध्ये पिवळ्या-हिरव्या ठिगळांची वेडीवाकडी मिसळ दिसते, आणि सुरुवातीला अशी झाडे इकडेतिकडे विखुरलेली असतात. पहिली दोन दुखणी खताने किंवा चर काढून सुधारतात. विषाणू एकदा झाडात शिरला की त्याला बाहेर काढणारे औषध नाही.

म्हणूनच वांझ तुरीवर खरा उपाय वाणाचा. आमच्यापासून फार दूर नसलेल्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूर केंद्राने ‘बीएसएमआर’ मालिकेतले वाण काढले. त्या अक्षरांतच या रोगाला दाद न देण्याची खूण आहे. ‘मारुती’ वाण मर रोगापुढे टिकतो, पण वांझ रोगाला बळी पडतो, हे बियाणे घेताना विचारून घ्यावे. पेरणीनंतर पहिल्या दीड महिन्यात लागण झाली तर त्या झाडाकडून जवळजवळ काहीच हाती येत नाही. असे झाड दिसताच उपटावे. सुरुवातीलाच कोळीनाशक फवारले तर थोडाफार उपयोग होतो.

आणखी एक जागा आहे, धुऱ्यावरची तूर. तूर तोडल्यावर धुऱ्यावरची चार झाडे राखून ठेवायची, म्हणजे पुढेही ओल्या शेंगांचे सोले मिळतात, अशी घरोघरची रीत. तुरीवाचून कोळ्याला दुसरा आसरा जवळजवळ नाहीच. उन्हाळ्यात तो या राखलेल्या झाडांवर दिवस काढतो आणि पावसाळ्यात कोवळ्या रोपांवर उतरतो. भावाने ही झाडे काढायची ठरवली तेव्हा वहिनी अडून बसल्या. सोल्यांच्या आमटीवाचून हिवाळा कसला, असे त्यांचे म्हणणे, आणि ते काही खोटे नाही. शेवटी तोड अशी निघाली, की सोले वावरातल्या चांगल्या तुरीचेच तोडायचे आणि धुरा होळीच्या आत साफ करायचा. तो साफ करायला वहिनी स्वतः विळा घेऊन गेल्या.